एका टोमण्याची अधिकृत चौकशी

बस थांबावी एवढीच माझी मागणी होती. मंत्री जावा असं माझ्या मनातही नव्हतं. हे मी चौकशी अधिकाऱ्यांना सांगितलं, मुख्याध्यापिकाबाईंना सांगितलं, घरी तर जेवताना रोज सांगितलं. आता तुम्हाला सांगतो, कारण तुमच्याकडे निदान रबरी शिक्का तरी नसेल.

आमच्या चौकात एक बसथांबा होता. लोखंडी खांब, त्यावर पत्र्याची पाटी, खाली तिघांचं बाकडं आणि त्यावर कायम अवघडून बसलेला चौथा माणूस. थांबा सर्व दृष्टींनी परिपूर्ण होता, फक्त तिथे बस थांबत नसे. थांबा दिसला की ती सावकार दिसल्यासारखा वेग वाढवायची आणि चाळीस पावलं पुढे जाऊन, मनात आलंच तर, क्षणभर थबकायची. तेवढ्यात आम्ही अठरा-वीस माणसं छत्र्या, डबे, पिशव्या आणि अब्रू सांभाळत तिच्यामागे धावायचो.

माझी बायको इस्पितळात मुख्य परिचारिका आहे. तिच्या एका नजरेत पेशंट काय, सर्जनसुद्धा गप्प पडून राहतात. पण बस काही तिच्या हाताखाली नव्हती. एका सकाळी धावताना तिचा गुडघा दुखावला. संध्याकाळी गरम पाण्याची पिशवी गुडघ्यावर ठेवून ती म्हणाली, "अहो, एवढे भाषेचे शिक्षक ना तुम्ही? मग एक अर्ज करता येत नाही? नुसते पोरांच्या निबंधांवर लाल रेघा मारता."

हे मला लागलं. मी आठवी-नववीला भाषा शिकवतो. व्याजस्तुती अलंकार तर माझ्यासारखा कुणी शिकवत नाही. म्हणजे वरून स्तुती आणि आतून चिमटा. वर्गाला तो कळतो की नाही हा प्रश्न वेगळा.

अर्ज लिहायचा म्हटल्यावर सल्ला द्यायला वरच्या मजल्यावरचे बुलेटिनकाका आले. हे निवृत्त गृहस्थ दिवसभर टीव्हीवरच्या बातम्या पाहतात आणि दर तासाला जिन्यातून पुन्हा देतात, म्हणून हे नाव. "मास्तर, खात्याला अर्ज म्हणजे विहिरीत दगड," ते म्हणाले. "वर्तमानपत्रात लिहा. मंत्री वर्तमानपत्र वाचतात. म्हणजे वाचणारा माणूस ठेवतात."

मग मी पत्र लिहिलं. चार मसुदे फाडले. साधी तक्रार कुणीही करतो, मी अलंकार वापरला. लिहिलं असं: "आमच्या चौकातल्या थांब्यावर बस थांबत नाही, याबद्दल मी वाहतूक खात्याचा ऋणी आहे. नागरिकांना रोज सकाळी धावण्याचा मोफत व्यायाम मिळतो. तथापि, थांबा दिसताच चालकबंधूंना वेग वाढवावा लागतो व त्यात मौल्यवान इंधन जळते. सबब शहरातले सगळे थांबेच काढून टाकावेत, म्हणजे बस न थांबल्याचे दुःखही उरणार नाही."

"दुःखही उरणार नाही" या ओळीवर मी स्वतःच दोनदा हसलो. पत्र मंगळवारी छापून आलं, आणि नंतर काहीही झालं नाही. शिक्षकांच्या खोलीत मी ते पान सहज उघडं राहिल्यासारखं टेबलावर पसरून ठेवलं. कुणीतरी त्यावर चहाचा कप ठेवला. मुख्याध्यापिकाबाई मात्र म्हणाल्या, "सर, वाचलं हं तुमचं पत्र. व्यायामाचा मुद्दा अगदी पटला."

मला वाटलं, बाईही चिमटा काढतायत. मी खूश झालो. इथेच मी सावध व्हायला हवं होतं.

त्या दिवसांत दूर कुठेतरी दोन देशांची जुंपली होती. ते देश नकाशावर दाखवा म्हटलं तर आमच्या इमारतीतल्या निम्म्या लोकांची बोटं समुद्रात पडली असती. पण तिकडे तोफ डागली की इकडे आमच्या पंपावरची रांग दहा गाड्यांनी वाढायची. सरकारवर ओरड सुरू झाली. वाहतूकमंत्र्यांनी भर सभेत छातीवर हात ठेवून सांगितलं, की आठ दिवसांत इंधनबचतीची अशी योजना आणतो की जग बघत राहील. सात दिवस उलटले. योजना नव्हती. मग त्यांच्या वाचणाऱ्या माणसाने माझं पत्र वाचलं.

आठव्या दिवशी संध्याकाळी मी वह्या तपासत होतो. वरून बुलेटिनकाकांची आरोळी आली, "मास्तर! टीव्ही लावा! तुम्ही लागलायत!"

मी टीव्ही लावला आणि जागच्या जागी गार झालो. पडद्यावर वाहतूकमंत्री माझं पत्र वाचून दाखवत होते. नुसतं वाचत नव्हते, गहिवरून वाचत होते. "मोफत व्यायाम" या शब्दांपाशी तर त्यांचा गळा दाटून आला. "एका सामान्य शिक्षकाने," ते म्हणाले, "जे आमच्या तज्ज्ञांना सुचलं नाही ते सांगितलं. उद्यापासून शहरातले तीनातले दोन थांबे काढण्यात येतील. बस जितकी कमी थांबेल, तितकं इंधन वाचेल. आणि सुरुवात, या शिक्षकबंधूंचा मान म्हणून, त्यांच्याच चौकातून होईल!"

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात पोळपाट असता तरी मला एवढी भीती वाटली नसती. तिचे हात मोकळे होते.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"अगं, व्याजस्तुती आहे ती."

"थांबा काढा म्हणून लिहिलंत?"

"उपरोधाने!"

"खांब उपरोधाने काढणार आहेत का?" एवढं बोलून ती आत गेली. आत भांडी फार शांतपणे ठेवली जात होती. संसारात यापरतं वाईट लक्षण नाही.

सकाळी मी चौकात पोचलो तर खात्याची गाडी आलेली. चार माणसं, एक मुकादम आणि ठिणग्या उडवणारं कटर. मी धावत जाऊन खांबाला हात लावला. "थांबा, थांबा! हे मीच लिहिलंय, पण..."

मुकादमाचा चेहरा उजळला. "म्हणजे सूचना करणारे साहेब आपणच? अरे, पुष्पगुच्छ आण रे!" आणि त्यांनी खरोखर माझ्या हातात पुष्पगुच्छ दिला, माझा फोटो काढला आणि तेवढ्या वेळात माझ्या पाठीमागे खांब कापून आडवा केला. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात तो फोटो आला. मी आ वासून उभा आहे. खाली मथळा होता: 'आनंदाने भारावलेले शिक्षक'.

मग हाल सुरू झाले. पुढचा थांबा दीड किलोमीटरवर. बायको दुखऱ्या गुडघ्याने रोज तेवढं चालत जायची आणि जाताना माझ्याकडे बघायची नाही. शेजारी बघायचे. जिन्यात मी दिसलो की बोलणं बंद व्हायचं. तळमजल्यावरच्या आजी तर म्हणाल्या, "आमच्या डोळ्यांच्या दवाखान्याची बस काढून घेतलीस बाबा. चांगला दिसायचास." हा टोला शेवटी नक्की कुठे लागतो ते मला अजून कळलेलं नाही.

सगळ्यात मोठा फटका बसला तो थांब्यासमोरच्या टेलरभाऊंना. बसची वाट बघणारी माणसंच त्यांची गिऱ्हाइकं. बस यायला वेळ आहे तोवर कुणी बटण लावून घ्यायचं, कुणी बाही आखूड करायला टाकायचं. आता दुकानासमोर खांबाचा वीतभर बुंधा आणि त्याला ठेचकाळून शिव्या देणारे लोक, एवढंच उरलं. माझी एक पँट त्यांच्याकडे होती, कमरेला सैल करायला दिलेली. मी मान खाली घालून आणायला गेलो.

"तयार आहे सर," ते म्हणाले आणि त्यांनी पँट वर धरली. तिला पाय नव्हते.

मी पाय शोधू लागलो.

"कंबर घट्ट होते म्हणालात ना? मी म्हटलं, सबब पायच काढून टाकावेत. कापड वाचतं आणि घट्ट झाल्याचं दुःखही उरत नाही."

मी ती पँट वर्तमानपत्रात गुंडाळून घरी नेली आणि कपाटाच्या तळाशी लपवली. पँटच्या बाबतीत एवढा धक्का मला आयुष्यात प्रथमच बसला होता.

शेवटी हिंमत करून मी वाहतूक खात्याच्या कचेरीत गेलो. तिसऱ्या मजल्यावर 'सूचना व तक्रारी' अशी खिडकी होती. मी सांगितलं, माझी सूचना मला मागे घ्यायची आहे.

कारकून म्हणाला, "सूचना देण्याचा फॉर्म आहे. मागे घेण्याचा नाही."

"मग तक्रार घ्या. आमचा थांबा गेला."

"थांब्याचा क्रमांक?"

"तो पाटीवर होता. पाटी तुम्ही नेलीत."

"म्हणजे सध्या थांबा नाही." त्याने पेन खाली ठेवलं. "जो थांबा नाही, त्याची तक्रार कशी नोंदवणार, साहेब? समजून घ्या ना." तो इतक्या सौजन्याने बोलला की मी त्याचे आभार मानून परत आलो. रस्त्यात लक्षात आलं, आपण आभार कशाबद्दल मानले?

घरी आलो तर लखोटा पडलेला. मंत्रिमहोदयांच्या हस्ते माझा 'जागरूक नागरिक' म्हणून सत्कार होणार होता, येत्या शुक्रवारी, नगरसभागृहात. बायकोने ते पत्र टोकाला धरून दूर ठेवलं, जसा एखादा लघवीचा नमुना. "जाणार आहात?"

"जाणार. आणि सगळ्यांसमोर सांगणार, की हा विनोद होता."

खांब गेल्यापासून पहिल्यांदा तिने माझ्याकडे पाहिलं. "नक्की?"

"नक्की."

"मग तो निळा शर्ट घाला. इस्त्री करून ठेवते."

मी भाषण पाठ केलं. आरशासमोर म्हणून पाहिलं. बाईंनी शाळेतून रजा दिली, वर शाळेचं नाव घ्यायला सांगितलं. शुक्रवारी सकाळी मी सभागृहात पोचलो, तर दोन माणसं खुर्च्यांवर खुर्च्या रचत होती आणि तिसरा शिडीवर चढून फलक उतरवत होता. फलकावर डावीकडे मंत्री आणि उजवीकडे मी, आ वासलेला. शिडीवरच्याने आम्हा दोघांची सुरळी केली.

"सत्कार इथेच आहे ना?" मी विचारलं.

"कुणाचा?"

"माझा."

त्याने सुरळी थोडी उलगडून चेहरा ताडून पाहिला. "साहेब, रेडिओ ऐकला नाही का? पहाटे मंत्रिमंडळ बदललं. तुमचे मंत्री गेले."

बसमागे धावताना इतके लोक पडले होते, की अस्थिविभागात खाटा उरल्या नव्हत्या. शिवाय थांबेच नसल्यामुळे चालकांनी एवढा वेग घेतला की इंधन पूर्वीपेक्षा जास्त जळलं. हा हिशेब विरोधकांनी विधानसभेत मांडला आणि मंत्र्यांची गच्छंती झाली. मी पाठ केलेलं भाषण खिशात तसंच राहिलं. निळ्या शर्टाची इस्त्री मोडलीसुद्धा नव्हती.

मला वाटलं, चला, सुटलो. सोमवारी दुसरा लखोटा आला.

नव्या मंत्र्यांनी जुन्या मंत्र्यांच्या प्रत्येक निर्णयाची चौकशी लावली होती. 'थांबे निर्मूलन प्रकरणी शासनाची दिशाभूल करणारी सूचना दिल्याबाबत' मला बोलावणं होतं. खाली शाळेला प्रत पाठवल्याचा उल्लेख होता. दुपारपर्यंत बाईंनी मला बोलावून सांगितलं, की दोषी ठरलात तर निलंबन अटळ आहे, माझा नाइलाज आहे, आणि शाळेचं नाव कुठे घेतलं नसेल तर बरं.

बुलेटिनकाका सल्ला घेऊन आलेच. "सरळ सांगा, त्या दिवशी ताप होता. तापात लिहिलं. वहिनी नर्स आहेत, दाखला देतील."

"मी खोटा दाखला देत नाही," आतून आवाज आला. "आणि ताप असता तर चार मसुदे फाडले नसते."

चौकशी अधिकारी सडपातळ, स्वच्छ आणि अत्यंत सभ्य होते. समोर फायली, फायलीत माझं पत्र, पत्राखाली लाल रेघा. आयुष्यभर मी इतरांच्या लिखाणाखाली मारल्या तशाच.

"पत्र आपलंच?"

"हो. पण ते उपरोधिक आहे."

त्यांनी पत्र पुन्हा वाचलं. रेल्वेचं वेळापत्रक वाचावं तशा आवाजात. तशा आवाजात वाचल्यावर, खरं सांगतो, मलाही ते पटू लागलं.

"यात उद्गारचिन्ह कुठेच नाही," ते म्हणाले.

"उपरोधाला उद्गारचिन्ह लागत नाही."

"मग शासनाने तो ओळखायचा कसा? आपण पुरावा द्या. भाषेच्या अधिकृत शिक्षकाचं प्रमाणपत्र चालेल, की सदर मजकूर उपरोधिक आहे."

"शाळेत भाषेचा शिक्षक मीच."

"स्वतःचं प्रमाणपत्र स्वतःला देता येत नाही." ते खरंच हळहळले. "दुसरी सोय आहे. पत्र छापून आलं त्या दिवशी, निर्णय होण्यापूर्वी, ते वाचून हसलेली एखादी व्यक्ती आणा. नातेवाईक नको. तसा जबाब मिळाला तर विनोद होता असं मानता येईल. शुक्रवारपर्यंत."

तीन दिवस मी हसलेला माणूस शोधत हिंडलो. असं शोधणं शत्रूवर येऊ नये. बाई म्हणाल्या, "मी कशी खोटं सांगू? मला तर खरंच पटलं होतं." बुलेटिनकाका म्हणाले, "मी हसलो नाही मास्तर, मी टाळ्या वाजवल्या होत्या. तसा जबाब हवा का?" शिक्षकांच्या खोलीतल्या कुणी पत्र वाचलंच नव्हतं. नववीच्या वर्गाला विचारलं, तर सगळी मुलं एकदम हसली, पण ती प्रश्नाला.

गुरुवारी संध्याकाळी मी घरी येऊन खुर्चीत बसलो. नोकरीची भीती होतीच, पण खरं दुखत होतं ते वेगळंच. वीस वर्षं मी ज्या एका गोष्टीचा अभिमान बाळगला, ती एकाही माणसापर्यंत पोचली नव्हती.

"तू तरी हसली होतीस का गं?" मी विचारलं.

ती म्हणाली, "नाही हो. तेव्हा गुडघा ठणकत होता." आणि थोड्या वेळाने, "तुमच्या पँटचे पाय कुणी कापले?"

ती कपाट आवरत होती. मी सगळं सांगितलं, टेलरभाऊ काय म्हणाले तेही, अगदी 'दुःखही उरत नाही'पर्यंत. सांगता सांगता मी थांबलो. ती माझ्याकडे बघत होती.

"ज्याला टोमणा असा परत करता येतो," ती म्हणाली, "त्याला तो कळला नसेल होय?"

मी चपला घालून निघालो. टेलरभाऊ दुकान आवरत होते. मी कारण सांगितलं. त्यांनी दुकानापुढच्या बसायच्या, गिऱ्हाईक नसलेल्या फळीकडे पाहिलं, खांबाच्या बुंध्याकडे पाहिलं.

"हसलो होतो," शेवटी ते म्हणाले. "मशीन बंद करून हसलो. 'चालकबंधू' वाचून तर डोळ्यांत पाणी आलं. कात्रण काढून इथे आरशाला चिकटवलं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवायला. मग खांब कापला आणि मी ते फाडलं." ते टेप गुंडाळत राहिले. "सर, तुम्ही लिहिता छान. पण तुमच्या विनोदात माझं दुकान बसलं."

यावर कुठलाही अलंकार मला सुचला नाही. मी फक्त "चुकलो" म्हणालो.

"किती वाजता जायचंय उद्या?" त्यांनी विचारलं.

अधिकाऱ्यांनी त्यांचा जबाब सविस्तर घेतला. किती वेळ हसलात, मोठ्याने की मनात, हसताना कुणी उपस्थित होतं का. पुरावा म्हणून टेलरभाऊंनी माझी पँट टेबलावर ठेवली. अधिकाऱ्यांनी ती उचलली, उलटीसुलटी केली, पायांच्या जागी हात घालून पाहिला. मग माझं पत्र पुन्हा घेतलं आणि या वेळी मनात वाचलं. 'दुःखही उरणार नाही'पाशी त्यांचा ओठ एका बाजूला किंचित हलला. त्यांनी लगेच रुमालाने तोंड पुसलं आणि शेरा लिहिला: 'मजकूर विनोदी असल्याचे मान्य. लेखकास ताकीद.'

नव्या मंत्र्यांनी आठवड्यात सगळे थांबे परत बसवले आणि जुन्यांवर कुरघोडी म्हणून कडक हुकूम काढला, की प्रत्येक बस प्रत्येक थांब्यावर पूर्ण वीस सेकंद थांबलीच पाहिजे, नाहीतर चालक घरी.

हुकमाच्या पहिल्या सकाळी मी बायकोला सोडायला चौकात गेलो. नवा खांब, नवी पाटी. टेलरभाऊंच्या फळीवर दोन गिऱ्हाइकं. आम्ही अठरा-वीस माणसं पिशव्या आवळून, एक पाय पुढे टाकून तयार. बस वळणावर दिसली. जवळ आली. हळू झाली. आणि आमच्या पुढ्यात, खांबाच्या बरोबर समोर दार आणून, साफ उभी राहिली. दार उघडलं.

कुणी हललं नाही.

बस आपल्यासमोर थांबते म्हणजे काय, हे त्या गर्दीत कुणी पाहिलंच नव्हतं. आम्ही सगळे तिच्याकडे नुसते बघत राहिलो. एका गृहस्थांनी टोपी काढली. चालक घड्याळाकडे बघून सेकंद मोजत होता. आतून कंडक्टर ओरडला, "अहो, चढा की!" तरी आम्ही ढिम्म. फक्त माझी बायको, वॉर्डातली बघ्यांची गर्दी बाजूला सारावी तशी आम्हाला सारत, गुडघा सांभाळत, एकेक पायरी चढून आत जाऊन बसली.

वीस सेकंद झाले. दार मिटलं. बस निघाली.

मग आम्ही सगळे भानावर आलो आणि तिच्यामागे धावलो.